पुसून लिहायचं की खाली जोडायचं?

(मंडळाच्या गेल्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दरवर्षी या मांडवात एक दिवस कीर्तन असतं, एक दिवस गाण्यांचा कार्यक्रम असतो, एखादं आरोग्यावरचं भाषण असतं. यंदा कार्यवाह आम्हाला म्हणाले, "पोरं सगळी कॉम्प्युटरच्या मागे लागलीत, तुम्ही डिप्लोमावाले, कचेरीत दिवसभर संगणकापुढेच बसता, त्यांना चार कामाच्या गोष्टी सांगा." आम्ही विचार केला, कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलणारे आता गल्लोगल्ली झाले आहेत, त्यात आमची भर नको. आम्ही फक्त दोन अक्षरांवर बोलणार आहोत. इंग्रजीतलं 'डब्ल्यू' आणि इंग्रजीतलं 'ए'. प्रोग्राम लिहिणाऱ्यांना ही अक्षरं रोज लागतात. आणि मागे खुर्च्यांवर बसलेल्या ज्येष्ठांनी ती आयुष्यभर वापरली आहेत, फक्त त्यांना त्यांची ही नावं माहीत नाहीत.

प्रोग्राम चालू असतो तोवर त्याच्याजवळची माहिती संगणकाच्या मेमरीत असते. प्रोग्राम संपला किंवा लाइट गेली की ती गेली. टिकवायची असेल तर फाइलमध्ये लिहावी लागते. फाइल उघडताना प्रोग्रामला सांगावं लागतं की ती कशासाठी उघडतो आहोत. वाचायला असेल तर 'आर', लिहायला असेल तर 'डब्ल्यू', शेवटी जोडायला असेल तर 'ए'. सी भाषेतली ही अक्षरं, पायथनमध्येही तीच आली.

आता 'डब्ल्यू'पुढे पुस्तकात 'लिहिणे' एवढाच अर्थ दिलेला असतो. तो अर्धा आहे. पूर्ण अर्थ असा: या नावाची फाइल नसेल तर नवी कर, आणि असेल तर आतलं सगळं पुसून टाक. मुलांनो, एक बारकावा बघा. पुसण्याचं काम लिहिताना होत नाही, उघडताना होतं. तुम्ही एक अक्षरही लिहिलं नाही, नुसती 'डब्ल्यू'ने उघडली आणि बंद केली, तरी फाइल कोरी. 'ए'ने उघडली तर जुन्यातलं काहीही हलत नाही, नवी ओळ शेवटच्या ओळीखाली जाते. फाइल नसेल तर 'ए'सुद्धा नवी करतो. म्हणून पहिल्या दिवशी दोघांचं काम अगदी सारखं दिसतं. फरक दुसऱ्या दिवशी कळतो.

आपल्याच तालुक्यातलं उदाहरण घेऊ. समजा, सोन्नच्या बंधाऱ्याजवळ भीमेची पातळी दर तासाला टिपणारा प्रोग्राम एखाद्या विद्यार्थ्याने लिहिला. दर तासाला फाइल उघडायची, वेळ आणि पातळी अशी एक ओळ लिहायची, फाइल बंद करायची. त्याने 'डब्ल्यू' घातलं. रात्रभर प्रोग्राम चालला. पडद्यावर कुठेही तांबडी ओळ नाही, चुकीचा इशारा नाही. सकाळी फाइल उघडून बघतो तर एकच ओळ, सकाळी सहाची. रात्रीच्या सगळ्या ओळी लिहिल्या गेल्या होत्या, आणि प्रत्येकीला पुढचीने पुसलं होतं.

तुम्ही म्हणाल, सहाची पातळी तर मिळाली ना? मिळाली. पाणी आत्ता किती आहे याचं उत्तर मिळालं. पण २०२० च्या ऑक्टोबरात पूर आला तेव्हा नदीकाठच्या गावांतली माणसं काय विचारत होती ते आठवा. पाणी किती आहे हे तर त्यांना ओट्यावरून दिसत होतं. चढतंय की उतरतंय, आणि किती वेगाने, हे त्यांना हवं होतं. उजनीतून सोडलेलं पाणी आपल्याकडे यायला वेळ लागतो, तेवढ्यात गुरं सोडायची का, धान्य माळ्यावर टाकायचं का, म्हातारी माणसं हलवायची का, हे ठरवायचं असतं. एका ओळीवरून ते ठरत नाही. दोन तरी ओळी लागतात, खरं तर रात्रभराच्या सगळ्या लागतात. ज्या फाइलीवरून उद्या कुणाला काही ठरवायचं आहे, तिथे हे एक अक्षर किरकोळ राहत नाही.

त्यात आपल्याकडची वीज. 'डब्ल्यू'ने फाइल उघडली, ती कोरी झाली, आणि नवी ओळ लिहायच्या आत वीज गेली, तर जुनंही गेलं आणि नवंही नाही. तुम्ही हाताने एखादी फाइल त्याच नावाने साठवायला गेलात तर संगणक विचारतो तरी, या नावाची फाइल आहे, बदलू का? प्रोग्रामला तो विचारत नाही. तुम्ही सांगितलंत ना, मग झालं, असा त्याचा खाक्या. सरकारी नोकरीत असा हाताखालचा माणूस मिळाला तर साहेब खूश होईल, पण फार दिवस नाही.

आणखी एक प्रकार आहे, 'आर प्लस'. हा फाइल पुसत नाही, पण लिहायला सुरुवात पहिल्या अक्षरापासून करतो आणि जेवढं लिहिलं तेवढंच झाकतो. समजा फाइलमध्ये ५००० एवढंच लिहिलं आहे. आपण 'आर प्लस'ने उघडून ५१ लिहिलं. आत काय दिसेल? ५१ नाही. ५१००. पहिल्या दोन आकड्यांच्या जागी ५ आणि १ बसले, पुढची दोन शून्यं जशीच्या तशी राहिली. एक्कावन्न रुपये वर्गणी देणाऱ्या गृहस्थांच्या नावावर हे लागलं तर ते पुढच्या वर्षी या मांडवावरून जाणारसुद्धा नाहीत.

आमच्या वयाच्या लोकांनी हे सगळं कॅसेटवर पाहिलंय. टेपरेकॉर्डरचं तांबडं बटण दाबलं की जुनं गाणं पुसत पुसतच नवं भरलं जायचं. जुनं साठ मिनिटांचं आणि नवं दहा मिनिटांचं असेल, तर दहा मिनिटांनंतर जुनंच मधून सुरू व्हायचं. हा आपला 'आर प्लस' झाला. म्हणून घरात आजोबांच्या आवाजातली एखादी कॅसेट असली, तर तिच्या पाठच्या कडेची प्लॅस्टिकची दोन टोकं मोडून ठेवायची. टोकं मोडली की रेकॉर्डचं बटण खालीच जात नसे. संगणकात याच्या जवळ जाणारा 'एक्स' आहे. त्या नावाची फाइल आधीपासून असली तर तो उघडायलाच नकार देतो. सी भाषेच्या २०११ च्या प्रमाणित रूपात तो आला, पायथनमध्येही आहे, पण शिकवण्यांत क्वचितच सांगतात. मुलांनो, लिहून घ्या.

आता मागच्या खुर्च्यांकडे येतो. तुमच्यातले काही जण आडत दुकानांत बसलेले आहेत. तिथे दोन वह्या असतात, किर्द आणि खतावणी. किर्दीत दिवसभराचा व्यवहार जसा झाला तसा, एकाखाली एक. खतावणीत माणसागणिक खातं, कुणाकडे किती येणं, कुणाचं किती देणं. किर्द म्हणजे 'ए'. तिच्यात मागच्या पानावर जाऊन कुणी आकडा बदलत नाही. चूक झाली तर त्या दिवशीच्या तारखेला उलटी नोंद टाकतात. बँकेच्या पासबुकातही तसंच, चुकून जमा झालेली रक्कम खोडत नाहीत, खाली तेवढीच नावे टाकतात. मुद्दा असा, की खतावणी जळाली तर किर्दीवरून ती पुन्हा करता येते. किर्द जळाली आणि खतावणी उरली, तर किती बाकी आहे ते कळेल, कशी झाली ते कुणी सांगू शकणार नाही. तूर कुठल्या दिवशी किती भरली आणि उचल किती घेतली यावर भांडण झालं, की नुसती बाकी दाखवून ते मिटत नाही.

मोठमोठे डेटाबेस आतून असेच चालतात. बदल आधी एका नोंदवहीसारख्या फाइलीत शेवटी जोडला जातो, आणि मग मुख्य तक्त्यात केला जातो. मध्येच वीज गेली तर यंत्र उठल्यावर ती नोंदवही वाचून तक्ता नीट करून घेतं. आडत्याला हे कुणी संगणकशास्त्रात शिकवलं नव्हतं.

यापेक्षाही आपल्या जवळची गोष्ट म्हणजे जमिनीचा उतारा. इथे बसलेल्या बऱ्याच जणांचे सोयरे अक्कलकोट, सोलापूरकडे आहेत, काहींची वडिलोपार्जित जमीनही तिकडे आहे. म्हणजे तुम्ही इकडची पहाणीही पाहिलीय आणि तिकडचा सातबाराही. हाताने लिहिलेल्या जुन्या सातबाऱ्यावर आजोबा वारले की काय करायचे? आजोबांचं नाव खोडरबराने पुसत नसत, शाईने गिरवून काळंही करत नसत. नावाला कंस करायचे. खाली वारसांची नावं लिहायची आणि शेजारी फेरफाराचा नंबर. तो नंबर घेऊन गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही उघडली की कुणाच्या अर्जावरून, कुठल्या तारखेला, कशाच्या आधारे हे नाव लागलं ते सगळं सापडायचं. नमुना सहामध्ये नवा फेरफार मागच्याच्या खाली, पुढच्या नंबरने. २०२० साली महाराष्ट्राने सातबाऱ्याचा नमुना सुधारला तेव्हा कमी झालेल्या नावाला कंसाऐवजी आडवी रेघ मारायचं ठरलं. पण रेघेखालचं नाव वाचता येतं. नाव गेलं आहे हेही दिसतं, आणि होतं हेही दिसतं.

आपल्या राज्यात २००० च्या सुमारास 'भूमी' प्रकल्प आला. सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांचे दोन कोटी उतारे संगणकात चढवले गेले. सुरुवातीला पंधरा रुपये भरून तालुक्याच्या खिडकीवर पहाणी मिळायची, हे आमच्या पिढीला चांगलं आठवतं. त्यानंतर हाताने लिहिलेली पहाणी चालेनाशी झाली. तेव्हा गावोगाव लोकांच्या मनात एक धाकधूक होती, आणि ती अडाण्याची नव्हती. कागदावर कुणी नाव बदललं तर शाई वेगळी दिसते, अक्षर वेगळं दिसतं, कागद खरवडलेला कळतो. संगणकात पुसलेल्या जागी डाग राहत नाही. तिथे एका ओळीवर दुसरी ओळ बसली की पहिली कधी नव्हतीच असं दिसतं. म्हणून अशा कामात संगणकाकडून कागदापेक्षा जास्त कडक शिस्त घ्यावी लागते. बदल करणाऱ्याच्या बोटाचा ठसा, आलेले अर्ज आलेल्या क्रमानेच पुढे जाणं, आणि प्रत्येक बदलामागे म्युटेशनची वेगळी नोंद. पहाणीवर नावापाशी एमआर नंबर असतो ना, तो धागा आहे. पहाणी ही खतावणी आणि म्युटेशन रजिस्टर ही किर्द. पहाणी काढायला आलेल्या माणसाने नाव आणि क्षेत्र बघून कागद घडी करून खिशात घालू नये, तो नंबर वाचावा, एवढं आम्ही ओळखीच्या प्रत्येकाला सांगतो. दोन भावांत वाद निघाला की वकील पहिल्यांदा तोच विचारतो.

आम्ही डिप्लोमाला होतो तेव्हा फॉक्सप्रो शिकवायचे. आता ते कुणी वापरत नाही, पण त्यात एक गोष्ट मोठी शहाणपणाची होती. 'डिलीट' म्हटलं की नोंद जात नसे. तिच्या कपाळावर एक चांदणी लागायची, बस्स. चुकून झालं असेल तर 'रिकॉल' म्हणायचं, चांदणी निघून जायची. खरोखर काढायची असेल तेव्हा 'पॅक' असा वेगळा हुकूम द्यावा लागे. सातबाऱ्यावरच्या कंसाचाच हा प्रकार. मात्र त्याच फॉक्सप्रोत 'झॅप' नावाचा हुकूम होता, तो तीन अक्षरांत सगळं टेबल रिकामं करायचा. इंग्रजी स्पेलिंगची तीन अक्षरं म्हणतोय आम्ही.

गणपतीपुढे बोलतोय, तर गणपतीच्या लेखनाबद्दल न बोलता कसं चालेल? व्यासांनी महाभारत सांगितलं आणि गणपतीने लिहिलं, ही गोष्ट लहान मुलालाही माहीत आहे. लेखणी थांबवणार नाही, ही गणपतीची अट. अर्थ समजल्याशिवाय लिहायचं नाही, ही व्यासांची अट. या गोष्टीतला गणपती मागे जाऊन काही खोडत नाही, पुढेच लिहीत जातो. पण हीच गोष्ट महाभारतात नंतर जोडलेली आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये महाभारताची चिकित्सक आवृत्ती करायला घेतली. विष्णू सीताराम सुकथनकर १९२५ पासून तिचे प्रमुख संपादक होते, १९४३ साली ते वारले, काम पुढे इतरांनी नेलं आणि १९६६ मध्ये ते पूर्ण झालं. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या, शारदा, देवनागरी, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा निरनिराळ्या लिप्यांतल्या बाराशेहून अधिक पोथ्या त्यांनी ओळीला ओळ लावून ताडून पाहिल्या. शेकडो वर्षं पोथी उतरवून घेणाऱ्यांनी महाभारतात भर घालत नेली होती. कुणी दोन श्लोक, कुणी एखादं अख्खं आख्यान. लाख श्लोकांचा ग्रंथ म्हणतात, पण संपादकांनी ठरवलेली मूळ संहिता पाऊण लाखाच्या आसपास भरते. गणपतीने लिहिल्याची गोष्ट सगळ्या पोथ्यांत मिळत नाही, म्हणून ती मूळ संहितेतून निघाली.

निघाली म्हणजे कुठे गेली? आम्हाला सगळ्यांत आवडलेली गोष्ट ती आहे. त्यांनी ती फेकली नाही. आदिपर्वाच्या परिशिष्टात ती छापलेली आहे. प्रत्येक पानाच्या तळाशी कुठल्या पोथीत कुठला शब्द वेगळा आहे ते बारीक टायपात दिलेलं आहे. म्हणजे संपादकांनी आपला निर्णय वर दिला, आणि ज्यावरून दिला ते सगळं खाली ठेवलं. उद्या एखाद्याला सुकथनकरांचं म्हणणं पटलं नाही, तर त्याला त्याच पुस्तकातून त्यांच्याशी वाद घालता येतो. त्यांनी नाव आणि कंस दोन्ही ठेवले, असं आमच्या कचेरीच्या भाषेत म्हणता येईल. आणि गणपतीची थोरवी यामुळे कमी होते असं कुणाला वाटत असेल तर आम्हाला तसं वाटत नाही. लेखनाचा देव म्हणून लोकांनी त्यालाच निवडला, हे तर त्या जोडलेल्या गोष्टीवरूनच कळतं.

आता तुम्हाला वाटेल आम्ही नुसतं जोडण्याच्याच बाजूचे. तसं नाही. जोडत गेलं की फाइल फुगते. रात्रंदिवस चालणारे सर्व्हर काय झालं ते जोडून लिहीत असतात, त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही तर एक दिवस डिस्क भरते आणि सर्व्हर बंद पडतो. प्रोग्राम चुकून दोनदा चालवला तर 'ए' इमानाने सगळी यादी दोनदा जोडतो, एकाच माणसाची वर्गणी दोनदा लागते. ओळ संपल्याची खूण घालायला विसरलं तर पुढच्याचं नाव मागच्याच्या रकमेला चिकटतं. आणि काही गोष्टी पुसूनच लिहायच्या असतात. फळ्यावरची आजच्या आरतीची वेळ पुसूनच बदलावी. बदललेला पासवर्ड जुन्याच्या जागीच बसला पाहिजे. कुणाचा आधार नंबर, फोन नंबर एखाद्या कामापुरता घेतला असेल तर काम झाल्यावर तो खरोखर पुसलाच पाहिजे, चांदणी लावून ठेवायचा नाही. इतिहास राखायच्या नावाखाली दुसऱ्याची माहिती साठवून ठेवण्यात काही सद्गुण नाही.

पुसून लिहायचंच असेल तर त्याचीही एक सुरक्षित रीत आहे. जुन्या फाइलीला हात लावायचा नाही. नवी फाइल वेगळ्या नावाने पूर्ण लिहायची, बंद करायची, उघडून नीट आहे का बघायची, आणि मग जुनीचं नाव तिला द्यायचं. मध्ये वीज गेली तरी दोघींपैकी एक पूर्ण हातात राहते. नवं घर बांधून झाल्याशिवाय आपण जुन्या घराचा पत्रा काढत नाही, तसंच.

आपल्या भागाची नावंच किती बदलली बघा. निजामाच्या राज्यात इथलं दप्तर उर्दूत होतं. १९४८ साली ते राज्य संपलं, १९५६ साली आपला जिल्हा म्हैसूर राज्यात आला, १९७३ मध्ये म्हैसूरचं कर्नाटक झालं, २०१४ मध्ये गुलबर्ग्याचं कलबुर्गी झालं, २०१९ मध्ये हैदराबाद-कर्नाटकचं कल्याण कर्नाटक झालं. एखाद्या यादीत 'गुलबर्गा' शोधून सगळीकडे 'कलबुर्गी' घालणं दोन मिनिटांचं काम आहे. पण १९९० च्या दाखल्यावर गुलबर्गाच छापलेलं आहे आणि ते बरोबर आहे. जुनं नाव, नवं नाव आणि कधीपासून, अशी एक ओळ जोडली की दोन्ही कागद एकमेकांना ओळखतात. ३७१ (जे) चा दाखला काढायला गेलेल्या पोरांना विचारा. घरच्यांचं इथलं राहणं दाखवणारा कागद शोधताना शाळेच्या जुन्या रजिस्टरातली एक ओळ सापडली, की घरात पेढे वाटतात. महाराष्ट्रात २०२३ साली निजामकाळातल्या नोंदी शोधायला समिती नेमली गेली, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणारी म्हातारी माणसं शोधावी लागली. त्या प्रश्नाच्या राजकारणात आम्हाला इथे शिरायचं नाही. आम्ही एवढंच बघतो, की सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच्या कारकुनाने पाटी पुसून वापरली नाही, म्हणून शोधायला काही तरी शिल्लक होतं.

आणि हा प्रकार फक्त आपल्यासारख्यांच्याच हातून घडतो असं समजू नका. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला, त्याचं चित्र चंद्रावरून पृथ्वीवर आलं ते ज्या मूळ चुंबकीय फितींवर नोंदलं होतं, त्या फिती अमेरिकेच्या नासाला पुढे सापडेनात. २००९ साली नासाने चौकशी करून सांगितलं, की फितींचा तुटवडा असताना त्या पुसून दुसऱ्या कामाला वापरल्या गेल्या असाव्यात. टीव्हीवर दाखवलेल्या चित्राच्या प्रती होत्या म्हणून आपल्याला आज चंद्रावरचं ते चालणं दिसतं, पण मूळ त्याहून स्पष्ट होतं. त्या फितींवर लिहिलेलं काही कुणाला नको होतं असं नव्हे. कोरी फीत हवी होती, एवढंच.

आता घरचं काम. हल्ली बहुतेक मंडळांत वर्गणीची यादी संगणकावर असते, आणि ती कशी ठेवतात ते सांगतो. गेल्या वर्षीची फाइल उघडायची, रकमा पुसायच्या, नव्या घालायच्या, गाव सोडून गेलेल्यांची नावं काढायची, वारलेल्यांची काढायची, आणि त्याच नावाने साठवायची. काम झटपट होतं, पावत्या लवकर निघतात. पण पाच वर्षांनी हातात एकच यादी राहते, यंदाची. सुरुवातीची वर्गणी कुणी दिली, आपल्याकडे मराठी बोलणारी किती घरं होती, त्यातली कुठली पुण्याला गेली, कुठली सोलापूरला गेली, नवी कधी आली, हे त्या यादीत नाही. त्याच मंडळाच्या कपाटात मात्र शंभर पानी वह्यांत हे सगळं असतं, कारण वहीत 'डब्ल्यू' नव्हतं. वही भरली की नवी वही आणत, जुनीवर वर्ष घालून ठेवत. आपली भाषा बोलणारी घरं इथे मोजकी आहेत, मंडळी. ती कधी होती आणि कुठे होती याची सरकारी यादी कुणी करून ठेवणार नाही. ती या वह्यांतच आहे.

तर आमची सूचना अशी. एकच फाइल करायची. सहा रकाने पुरे: तारीख, पावती नंबर, नाव, गल्ली, रक्कम, शेरा. प्रोग्राम आम्ही लिहून आणला आहे, पस्तीस-चाळीस ओळींचा आहे, तो फाइल 'ए'नेच उघडतो. रक्कम चुकली तर ओळ बदलायची नाही, खाली उलटी ओळ घालायची आणि शेऱ्यात पावती नंबर लिहायचा. कुणी गाव सोडलं तर नाव काढायचं नाही, खाली एक ओळ, शेऱ्यात 'स्थलांतर'. एकूण जमा किती ते फाइलीत लिहायचंच नाही, विचारलं की प्रोग्राम बेरीज करून सांगेल. तीच पावती दुसऱ्यांदा घालायला गेलं तर तो नको म्हणेल. आणि विसर्जनाच्या दिवशी फाइलीची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन ती दुसऱ्याच्या घरी ठेवायची. खजिनदारांच्या घरी नको, त्यांच्याकडे मूळ आहेच.

जुन्या वह्यांतल्या दोन खजिनदारांनी आज इथे टेबलावर आणून ठेवल्या आहेत. एकीची पानं ओल लागून चिकटलेली आहेत, ती हलक्या हाताने सोडवायला लागतील. काही पानांवरचं अक्षर आमच्या पिढीलाही लागत नाही, तेव्हा ज्येष्ठांपैकी दोघांनी शेजारी बसून वाचून दाखवावं. आरतीनंतर प्रसाद घेऊन ज्या मुलांना मराठी टायपिंग येतं त्यांनी घरी जाऊ नये. लॅपटॉप एक आमचा आहे, आणखी एक कुणी आणला तर बरं होईल, आणि चार्जर आठवणीने आणा.

गणपती बाप्पा मोरया.